‘आधी’चा फोटो

इंदापुरात माझी माती तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे आणि तिच्या मागच्या शेडमध्ये आम्ही जिवाणू खतं तयार करतो. दोन खोल्या, एक शेड, सहा माणसं. एवढ्या पसाऱ्यावर बारामतीतल्या शेतीउद्योग परिषदेचं प्रायोजक व्हायचं म्हणजे अंथरुणाबाहेर पाय काढणंच होतं. पण परिषदेचे संयोजक दोनदा येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामाची बारामतीत कुणाला कल्पनाच नाही. एकदा लोकांना दिसू दे." हे वाक्य ते प्रत्येक प्रायोजकाला म्हणत असणार, एवढं मला कळत होतं. तरी मी विरघळले. शिक्षकाच्या घरात वाढलेली मी; शाबासकी म्हटली की अजून माझे कान टवकारतात.

प्रायोजकाला काय काय मिळणार, ते त्यांनी कागदावर लिहून दिलं. सभागृहाच्या दारात मोठा फ्लेक्स, एक स्टॉल, व्यासपीठावर पंधरा मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी शिवारफेरी. शिवारफेरी म्हणजे परिषदेला आलेल्या लोकांना बसमध्ये घालून एखाद्या शेतावर न्यायचं आणि पीक प्रत्यक्ष दाखवायचं. त्यासाठी शेत प्रायोजकानं सुचवायचं होतं. मला विचार करावाच लागला नाही. पळसदेवच्या अलीकडे तात्यांचं शेत होतं.

तात्या म्हणजे त्या भागातलं मोठं प्रस्थ. सोसायटीत शब्दाला वजन, उसात हात धरणारा कुणी नाही. धरणाचं पाणी आलं तेव्हा त्यांनी वरच्या माळावर ऊस लावला आणि सगळ्यांसारखंच त्याला मोकाट पाणी पाजलं. ते पाणी माळातून झिरपत खाली गेलं आणि पंधरा-वीस वर्षांत त्यांचेच खालचे तीन एकर उपळले. जमिनीवर पांढरं मीठ फुटलं, उसाची बेटं पिवळी पडून जळून गेली. ते माती घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मातीच्या पिशवीवरही पांढरा थर होता.

मी शेतावर जाऊन चार ठिकाणी खड्डे घेतले. हातभर खाली पाणी लागलं. तात्यांना खड्ड्याशी बसवून मी दाखवलं, की हे पाणी नदीचं नाही, नशिबाचं नाही, तुमच्याच माळावरून येतंय. ते खड्ड्यावर वाकले. मग त्यांनी विचारलं, "हितनं फुडं कुठं जातंय ह्ये?"

पुढे बांध होता आणि बांधापलीकडे शेजाऱ्यांची दीड एकर जमीन होती. ती तात्यांच्या शेताहूनही पांढरी झाली होती. तात्यांकडे निदान माळ होता, दुसरे तुकडे होते. शेजाऱ्यांचं जे होतं ते एवढंच. ते आता बारामतीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होते.

"तिकडंच," मी म्हणाले. "तुमचं पाणी तिकडंच जातंय तात्या."

त्यावर तात्यांनी जे सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. बऱ्याच वर्षांपूर्वी गावकी देवळात बसली होती. तिथं शेजारी उठून म्हणाले होते, की वरच्या उसाच्या पाण्यानं माझी जमीन उपळायला लागलीय, काहीतरी करा. तात्या सगळ्यांसमोर हसून म्हणाले होते, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळं देऊळ हसलं होतं. त्या दिवसापासून शेजारी गावकीला बसले नाहीत आणि गावात त्यांचं नाव आळशी म्हणून पडलं. जमीन गेली ती गेलीच, वर आळशीपणाचा शिक्काही बसला.

त्या दिवशी तात्या खड्ड्याशी बसून म्हणाले, "म्हंजी त्यो खरं बोलत हुता." मी खड्ड्यातली माती पिशवीत भरली. माती तपासणाऱ्यानं आकडे सांगावेत, न्यायनिवाडा करू नये, असा माझा तेव्हा बाणा होता.

पुढची तीन वर्षं आम्ही त्या तीन एकरांवर राबलो. जमिनीखाली भोकांचे पाईप घालून पाणी ओढ्याला काढलं, ताग पेरून हिरवळीचं खत म्हणून गाडला, मीठ उतरायला जिप्सम टाकलं, आमची जिवाणू खतं दिली. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं काम पाईपांनी केलं आणि राहिलेलं तात्यांनी पाणी कमी केल्यानं झालं. माझ्या खतांचा वाटा होता, पण फ्लेक्सवर मावेल एवढा मोठा नव्हता. चौथ्या वर्षी तिथं ऊस उभा राहिला, आणि शिवारफेरी ठरली तेव्हा तो डोक्याच्या वर गेला होता.

मी तात्यांना परिषदेचं सांगायला गेले. सत्कार होईल, फेटा बांधतील, शाल देतील, असं सगळं भरभरून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"तुमच्या पंधरा मिन्टातली पाच मला द्या. आन् त्याला बलवा. चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागं घ्यावं लागतं, ताई. त्याच्या घरी जाऊन हात जोडले तर ते घरातच ऱ्हाईल. गावाला काय कळणार?"

"गावातले लोक येतील का पण बारामतीला?"

"मी जीप भरून आणतो की."

मला हे फार आवडलं. मी लगेच होकार दिला, आणि वर उत्साहानं म्हणाले, की शेजाऱ्यांना निमंत्रण मी स्वतः देते. त्या दोघांत बोलणं नव्हतं, तेव्हा कुणीतरी मध्ये पडायलाच हवं होतं. मी एमआयडीसीत त्या कारखान्याच्या फाटकावर गेले. निळसर गणवेश, कमरेला पट्टा, साठीच्या जवळ आलेला बारीक माणूस. मी त्यांना दादा म्हणाले. तात्यांना तुमच्याबद्दल सगळ्यांसमोर काही बोलायचंय, चांगलंच बोलायचंय, असं सांगितलं.

"ष्टेजवर?" त्यांनी विचारलं.

"हो. मी शब्द देते."

त्यांनी हजेरीच्या वहीत पाहिलं. मग म्हणाले, "पाळी बदलून घेतो."

शब्द माझा होता, हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं त्यात संयोजकांना नावं ठेवायला बरीच जागा आहे आणि ती ठेवून मी स्वतःचं समाधानही काही दिवस करून घेतलं होतं.

परिषदेच्या आठवडाभर आधी फ्लेक्सवाल्याचा फोन आला. "मॅडम, उसाचा फोटो मिळाला. आधीचा फोटो पाठवा. नुसत्या हिरव्या उसाकडे कोण बघतंय? आधी आणि नंतर असं पाहिजे." म्हणणं बरोबर होतं. पण तीन एकर पांढरे असताना त्यांचा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "मढ्याचा फोटू कोन काढतंय?"

मी तात्यांच्या शेताकडे गेले. उसाचे आणखी दोन-चार फोटो घ्यावेत म्हणून बांधावर उभी राहिले, आणि काम झाल्यावर सहज मागे वळले. पाठीमागे दीड एकर पांढराफटक पसरला होता. कडेला अर्धी वाळलेली एक बाभूळ. माझ्या डोक्यात चटकन हिशोब झाला: तीच माती, तोच आजार, तात्यांचं शेत हुबेहूब असंच दिसायचं, मग खोटं ते काय? मी मोबाईल आडवा धरला आणि फोटो काढला. जेमतेम एक मिनिट लागलं असेल. विचारायला तिथं कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी विचारलं असतं असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

फ्लेक्सवाल्याला दोन्ही फोटोंखाली मजकूर हवा होता. थोडक्यात लिहिण्याचा मला अभिमान आहे. हिरव्या फोटोखाली मी ‘काळजी’ लिहिलं आणि पांढऱ्या फोटोखाली ‘दुर्लक्ष’.

परिषदेच्या दिवशी बारामतीचं ते सभागृह सकाळी दहालाच भरलं. दारात माणूसभर उंचीचे फ्लेक्स ओळीनं उभे होते आणि त्यात आमचा होता. मी त्याच्यासमोर उभं राहून स्वतःचा फोटोसुद्धा काढून घेतला. आत फेटे बांधणारा बसला होता. तात्यांना त्यानं केशरी फेटा बांधला. रोजची टोपी काढून तात्यांनी खिशात ठेवली. मग ते मला म्हणाले, "आला का बघा." शेजारी आले होते. त्यांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता, पँट मात्र गणवेशाचीच होती. ते दुसऱ्या दारानं आत आले, त्यामुळे फ्लेक्स त्यांच्या दृष्टीस पडला नसावा. सातव्या-आठव्या ओळीत ते खुर्चीच्या कडेला टेकून बसले. तात्यांची जीप भरून आलेली माणसं त्यांच्या मागेच होती.

प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले. मग सगळ्या कार्यक्रमाची ओढाताण सुरू झाली. संयोजक वाकून माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, पंधराची आठ करा. शेतकऱ्याचं मनोगत उद्या शिवारफेरीत घेऊ. सत्कार मात्र आत्ताच उरकू." मी मान डोलावली.

आठ मिनिटं. त्यातली पाच तात्यांना दिली असती तर मला तीन उरत होती. एवढी वजाबाकी मला येते. पण समोर भरलेलं सभागृह होतं, पहिल्या रांगेत ज्यांच्याकडे मी वर्षानुवर्षं खेटे घातले ते लोक बसले होते, आणि माझे बारा फोटो पडद्यावर यायला तयार होते. मी स्वतःला सांगितलं, की तात्यांचं उद्या होईल, उद्या जास्त निवांत होईल. मी आठही मिनिटं बोलले.

चौथा फोटो आला. अख्ख्या पडद्यावर तो पांढरा दीड एकर आणि ती बाभूळ. मी माईकमध्ये म्हणाले, "दुर्लक्ष केलं, की जमीन अशी होते." मागे कुणीतरी चुकचुकलं. जीपमधून आलेल्या माणसांत कुजबूज झाली आणि एक जण हसला. व्यासपीठावर बसलेल्या तात्यांनी मान वळवून पडदा पाहिला. मग ते सातव्या ओळीकडे बघू लागले.

शेजारी उठले होते. त्यांनी आवाज केला नाही, कुणाकडे पाहिलं नाही. रांगेतल्या माणसांचे गुडघे चुकवत ते बाहेर आले आणि दारातून निघून गेले. त्या दारात आमचा फ्लेक्स होता.

तात्या खुर्चीतून अर्धे उठले, पण तेवढ्यात निवेदकानं त्यांचं नाव पुकारलं आणि दोघांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. हातात नारळ घेऊन तात्या फोटोसाठी उभे राहिले. त्या फोटोत त्यांचा चेहरा बघवत नाही.

खाली आल्यावर ते मला म्हणाले, "ताई, ती त्याची जमीन हाय."

"माहीत आहे तात्या," मी म्हणाले. "तुमचा आधीचा फोटो नव्हता, म्हणून..."

"म्हायती हाय?" त्यांना वाटलं होतं की चूक फ्लेक्सवाल्याची असेल. मग ते हळू म्हणाले, "म्या देवळात एकडाव बोललो. तुमी तर छापलं."

मला रागच आला. हे सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा आला तो रागच. या माणसाची जमीन मी उभी केली, त्याला मी फेटा बांधवला आणि हाच मला ऐकवतोय! जेवणाच्या मांडवात मी हातात ताट घेऊन उभी होते आणि लोक येऊन माझं अभिनंदन करत होते. ‘दुर्लक्ष’ आणि ‘काळजी’, फारच छान मांडलंत मॅडम, असं एक जण म्हणाला. मी ताट ठेवलं, दारात गेले आणि आमचा फ्लेक्स चौकटीसकट आडवा केला. संयोजक धावत आले, पण मी त्यांना बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बस पळसदेवकडे गेली. ऊस बघायला पन्नासेक माणसं उतरली. माझ्या हातातला माईक तात्यांनी मागून घेतला आणि ते बांध ओलांडून पलीकडच्या पांढऱ्या जमिनीत जाऊन उभे राहिले. पायाखाली मिठाचा पापुद्रा कुरकुरत होता. ते म्हणाले, "त्यो ऊस नंतर बघा. आदी ही बघा. ही जमीन म्या मारली. माझ्या माळाच्या पाण्यानं मारली. हिचा मालक मला सांगत व्हता, मी त्याला देवळात हसलो. त्यो आळशी न्हाय. आमच्या गावातलं कोन आलं आसंल तर गावात जाऊन सांगा." गावचे बरेच जण होते. काही जणांनी माना खाली घातल्या. बाहेरगावच्या एकानं जिप्सम एकरी किती टाकलं ते विचारलं. मी तिथंच उभी होते. तात्यांच्या हातातला माईक मागून घ्यावा आणि फोटो मी काढला एवढं तरी सांगावं, असं दोनदा ओठांवर आलं. सांगितलं नाही. बस पुढे निघाली.

आठ-दहा दिवस मी स्वतःला कामात गुंतवून घेतलं. मग एका दुपारी गाडी काढून त्या कारखान्याच्या फाटकावर गेले. दादा केबिनमध्ये बसले होते. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादा, माझं चुकलं," मी म्हणाले. "न विचारता तुमच्या जमिनीचा फोटो काढला. तिच्याखाली ‘दुर्लक्ष’ लिहायला नको होतं. तुम्हाला दिलेला शब्दही पाळला नाही."

त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "गावच्या ग्रुपवर आलाय त्यो. पोरीनं दावला मला मोबाईलवर. इचारत व्हती, बाबा, आपली बाभूळ न्हवं का ही?"

मी विचारलं, "तात्या आले होते का तुमच्याकडे?"

"आले व्हते की. गाडीभर लोकांत बोलले म्हनं. मग घरी येऊन चा पिऊन गेले. आवंदा पाईप आमच्या रानातनं बी काढू म्हणत्यात."

"म्हणजे मिटलं," मी म्हणाले. सुटकेचा एवढा मोठा श्वास मी सोडला की तो त्यांना ऐकू गेला असणार.

"त्यांचं मिटलं," ते म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेतीनला पाळी सुटती मॅडम. आमच्याकडली धा-बारा पोरं हायती तिच्यात. पळसदेवची, इंदापूरची. त्यांनी बी फोटू बघितलाय. तुमी थांबा."

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मी बसले नाही. पंचवीस मिनिटं उन्हात उभी राहिले. मी सभागृहं गाजवलेली बाई आहे, माईक मिळाला की मला सोडवत नाही; पण त्या दिवशी मला एक धड वाक्य सापडेना. काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य आपोआप माझी बाजू मांडायला लागत होतं. तसली सगळी वाक्यं मी एकेक करून टाकून दिली. शेवटी तीनच उरली.

भोंगा झाला. माणसं बाहेर पडू लागली, मोटरसायकली सुरू झाल्या. दादांनी हात आडवा करून पाच-सात जणांना थांबवलं. ते थांबले म्हणून मागचे थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादा माझ्या शेजारी येऊन ताठ उभे राहिले.

माईक नव्हता. मी जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणाले, "परिषदेच्या फ्लेक्सवर जी पांढरी जमीन होती ती या दादांची आहे. ती दुर्लक्षानं गेली नाही, वरच्या उसाच्या पाण्यानं गेली. मी माती तपासलीय, मला ते माहीत होतं, तरी मी खोटं लिहिलं."

पुढच्यांना ऐकू गेलं, मागच्यांना गेलं नाही. पळसदेवचा एक जण टोपी काढून उभा राहिला. मागून कुणी हॉर्न वाजवला. गाडीवर बसूनच एकानं ओरडून विचारलं, "काय इकायला आल्यात ह्या? कंपनी कुठली?"

मी वळून बघितलं. दादांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता.

"कंपनी न्हाय रं," ते म्हणाले. "माझ्या जमिनीबद्दल बोलत्यात त्या."